तारा तपासणारी कॅथरिन

आकाशात विमानाच्या कोलांट्या मारणारी बाई म्हटली की आपल्याला आधी तिचं धाडस दिसतं. मला मात्र कॅथरिन स्टिन्सन आवडते ती तिच्या चिकित्सक स्वभावामुळे.

1891 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ती जन्मली. तिला पियानो शिकायला युरोपला जायचं होतं. विमानाचे खेळ करणाऱ्यांना चांगले पैसे मिळतात, हे कळल्यावर तिनं ठरवलं, आधी विमान शिकायचं! शिकागोचे मॅक्स लिली मुलीला शिकवायला तयार नव्हते. हिनं पिच्छा सोडला नाही. 1912 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी तिला लायसन्स मिळालं आणि पियानो मागेच राहिला. पुढच्याच वर्षी लिली विमान अपघातात गेले.

त्या काळातलं विमान म्हणजे लाकडी सांगाडा, कापड आणि तारा. मार्च 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात लिंकन बीची हा नामवंत वैमानिक उलटं विमान चालवत होता. उंची कमी झाली, ते सावरायला त्यानं जोरात ओढ दिली आणि पंखच मोडले. विमान खाडीत कोसळलं. बीची तेव्हा अवघा 28 वर्षांचा होता.

असं का होतं? आमच्या बेगडेवाडीत विहिरीवर पाणी भरलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. भरली कळशी हळू ओढली तर दोर टिकतो, एकदम हिसका दिला तर तोच दोर तुटतो. विमानाचंही तसंच. 500 किलोचं विमान सूर मारून झटक्यात वर घेतलं आणि ओढ चौपट झाली, तर पंखांवर 2000 किलोचा भार येतो. कधी पंख लगेच मोडत नाही, आत बारीक तडा तेवढा जातो. तो पुढच्या खेपेला घात करतो.

कॅथरिननं बीचीच्या मोडक्या विमानाचं इंजिन विकत घेतलं, ते आपल्या विमानात बसवलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत आकाशात पूर्ण गिरकी घेतली. पण उडण्याआधी ती विमान स्वच्छ धुऊन-पुसून घ्यायची, तारा न् तारा तपासायची. लोकांना तो बायकी टापटिपीचा सोस वाटला असेल. पण धुळीखाली लपलेली चीर पुसल्याशिवाय दिसते का?

पुढे तिनं जपान आणि चीनमध्ये प्रयोग केले. 1917 मध्ये सॅन दिएगो ते सॅन फ्रान्सिस्को हे 610 मैल न थांबता पार केले. तरी महायुद्धात लष्करानं तिला वैमानिक म्हणून घेतलं नाही, म्हणून ती युरोपात अँब्युलन्स चालवायला गेली. पुढे क्षयानं गाठलं आणि विमान सुटलं. मग सांता फेमध्ये ती घरांचे आराखडे करू लागली. 1977 मध्ये, 86 व्या वर्षी ती गेली. घाईत नव्हे, अंथरुणावर नव्या आयुष्याची घडी बसवून!

लेक स्कूटी घेऊन निघाली की आपण तिला सावकाश जा म्हणतो. ब्रेक बघितलेस का, हेही विचारूया. आणि ते कसे बघायचे, हे तिला आणि आपल्यालाही यायला हवं, नाही का?