विश्लेषण : मराठी शिकलेला, तलवारीचा इतिहास लिहिणारा रिचर्ड बर्टन कोण होता? त्याचे पुस्तक अर्धेच का राहिले?

नागपूरकर रघुजी भोसले (प्रथम) यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ती मुंबईत आली तेव्हा अनेकांना एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. तलवारीवर नाव देवनागरीत, मूठ आपल्याकडची, पण पाते मात्र युरोपात घडवलेले. जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांना यात नवल नाही. अशा तलवारीला ते ‘फिरंग’ म्हणतात.

पाते एका देशाचे, मूठ दुसऱ्या देशाची, हा प्रवास नेमका कसा झाला? जगभरच्या तलवारींची अशी कुळकथा एकहाती लिहायला दीडशे वर्षांपूर्वी एक इंग्रज बसला होता. सर रिचर्ड फ्रान्सिस बर्टन. मक्केला वेषांतर करून गेलेला, टांगानिका सरोवरापर्यंत पोहोचलेला, ‘अरेबियन नाइट्स’चा अनुवाद करणारा म्हणून तो जगाला माहीत आहे. तलवारीवरचे त्याचे काम त्या मानाने मागे पडले.

शाळेपेक्षा आखाडा बरा

बर्टनचा जन्म १९ मार्च १८२१ रोजी इंग्लंडमधल्या टॉर्की इथला. वडील लष्करातून बाजूला झालेले अधिकारी. त्यांना एका गावी करमत नसे, त्यामुळे मुलांचे लहानपण फ्रान्स आणि इटलीत बिऱ्हाडे बदलण्यात गेले. धड शाळा झाली नाही, पण दोन गोष्टी पक्क्या झाल्या. भाषा आणि तलवारबाजी.

१८४० मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. तिथे एका विद्यार्थ्याने त्याच्या मिशांची टर उडवली, तर याने थेट द्वंद्वाचे आव्हान दिले. तिकडे तोपर्यंत असल्या गोष्टी हास्यास्पद ठरल्या होत्या. समोरच्याला हा गडी गंभीर आहे हेच कळेना. १८४२ मध्ये मनाई असताना घोड्यांची शर्यत पाहायला गेला म्हणून विद्यापीठाने त्याला काढून टाकले.

डिग्री नाही, ओळखीपाळखी नाहीत. असा मुलगा तेव्हा जिथे जायचा तिथेच तो गेला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात.

मराठी का शिकला?

ऑक्टोबर १८४२ मध्ये तो मुंबईत उतरला आणि १८ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीत दाखल झाला. त्याची पलटण बडोद्याला होती. गायकवाडांचे बडोदे म्हणजे दरबारात मराठी, बाजारात गुजराती आणि पलटणीत हिंदुस्तानी. त्याने आधी हिंदुस्तानी, मग गुजराती आणि पुढे मराठीचीही परीक्षा दिली आणि तिन्हींत उत्तीर्ण झाला. यामागे भाषेचे प्रेम होते, तसा हिशेबही होता. देशी भाषा येणाऱ्या अधिकाऱ्याला दुभाष्याची नेमणूक मिळे आणि पगार वाढे.

त्याच दिवसांत तो शिपायांबरोबर कुस्ती खेळला, इथले तलवारीचे हात शिकला. मात्र इथे त्याचा एक पूर्वग्रहही दिसतो, तो आधीच सांगितलेला बरा. युरोपातल्या फेन्सिंगवर वाढलेल्या बर्टनला तलवारीचे टोक भोसकणे हे धारेने वार करण्यापेक्षा वरचढ वाटे. भारतीय तलवारबाजीत वार मुख्य आणि बचावाला ढाल, म्हणून ती त्याने कायम दुय्यम मानली. साम्राज्याच्या नोकरीतल्या माणसाचा तोरा त्याच्या बऱ्याच लिखाणात आहे. आफ्रिकेतल्या लोकांबद्दल त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही.

सिंधमध्ये तो व्यापाऱ्याच्या वेषात बाजारातून फिरला. आजारपणाच्या रजेत गोवा आणि निलगिरी पाहून त्यावर पुस्तक लिहिले, ते १८५१ मध्ये आले. तोवर म्हणजे १८४९ मध्येच प्रकृती ढासळून तो युरोपात परतला होता.

गालावरची खूण

पुढची काही वर्षे फ्रान्समधल्या बुलोन गावी तलवारबाजीच्या आखाड्यात गेली. तिथे त्याने ‘मेत्र दार्म’ म्हणजे उस्तादाचा दर्जा मिळवला. १८५३ मध्ये संगिनीच्या कवायतीवर छोटे पुस्तकही लिहिले. लष्कराने आधी नाके मुरडली आणि नंतर तीच पद्धत घेतली. मोबदल्यात त्याला सरकारी तिजोरीतून एक शिलिंग काढण्याची परवानगी मिळाली, असा किस्सा सांगितला जातो.

एप्रिल १८५५ मधली घटना मात्र किस्सा नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावर बर्बेरा इथे बर्टन, स्पीक आणि त्यांच्या साथीदारांच्या तळावर रात्री हल्ला झाला. तंबू कोसळू लागला, तेव्हा बर्टन हातात सेबर म्हणजे वक्र लष्करी तलवार घेऊन अंधारात बाहेर पडला. गर्दीतून वाट काढताना मागून कोणीतरी ढकलत होते. शत्रू समजून त्याने वार उगारला, तर तो आपलाच माणूस निघाला. तो ओरडला, बर्टनचा हात क्षणभर थांबला आणि तेवढ्यात समोरून आलेला भाला एका गालातून घुसून दुसऱ्यातून बाहेर आला. काही दात आणि टाळूचा भाग गेला. स्ट्रॉयन नावाचा सहकारी अधिकारी मारला गेला. बर्टनच्या प्रत्येक फोटोत डाव्या गालावर दिसणारा व्रण तो हाच.

तलवारीवर लिहिणारे विद्वान बरेच झाले. काचेच्या कपाटातली तलवार पाहून तिची लांबी-रुंदी नोंदवणारेही कमी नाहीत. अंधारात, गर्दीत तलवार कशी चालते आणि कशी चालत नाही हे अंगावर काढलेला लेखक विरळा. त्याच्या पुस्तकाला ही पार्श्वभूमी आहे.

तीस वर्षांची जमवाजमव

पुढची कारकीर्द धावती सांगायला हरकत नाही, कारण तिच्यावर चरित्रांचे ढीग आहेत. १८५८ मध्ये टांगानिका सरोवर, मग नाईलच्या उगमावरून स्पीकशी वैर. १८६१ मध्ये इझाबेल अरुंडेलशी लग्न. त्यानंतर ब्रिटिश कॉन्सुल म्हणून फर्नांडो पो बेट, ब्राझीलमधले सान्तुस, दमास्कस आणि १८७२ पासून अखेरपर्यंत ट्रिएस्ट.

संग्राहकांना कळेल असे एक दुःखही याच काळातले. लग्नाच्याच वर्षी लंडनमधल्या एका गोदामाला आग लागली आणि त्याने पूर्वेकडून आणलेली हस्तलिखिते, पोशाख असे बरेच काही जळून गेले. नंतर त्याचा भर वस्तू जमवण्यापेक्षा नोंदी जमवण्यावर राहिला. जाईल तिथले संग्रहालय, शस्त्रागार, खासगी संग्रह पाहायचा, पाती मोजायची, टिपणे ठेवायची. कैरोच्या बुलाक संग्रहालयातली प्राचीन शस्त्रे, पिट-रिव्हर्स यांचा इंग्लंडमधला संग्रह, श्लीमनने उकरलेले ट्रॉय या सगळ्याचे संदर्भ पुस्तकात आहेत. ट्रिएस्टच्या घरात प्रत्येक पुस्तकासाठी वेगळे टेबल असे, आणि अशी अकरा टेबले होती!

१८७६ च्या सुरुवातीला तो इझाबेलला घेऊन मुंबई, हैदराबाद, गोवा फिरून गेला. योगायोग असा, की प्रिन्स ऑफ वेल्सचा भारत दौरा त्याच हिवाळ्यात चालू होता. छत्रपती शिवाजी महाराजांची ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार कोल्हापूर दरबाराकडून त्याच दौऱ्यात भेट गेली. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचेही पाते युरोपीय आहे.

‘द बुक ऑफ द स्वोर्ड’मध्ये काय आहे?

पुस्तक १८८४ मध्ये लंडनला निघाले. १३ प्रकरणे, अडीचशेहून अधिक चित्रे. सुरुवात दगड आणि लाकडापासून होते. मग तांबे, कांसे, लोखंड. नंतर इजिप्त, पश्चिम आशिया, इराण, प्राचीन भारत, ग्रीस, रोम. तलवारीचे मूळ त्याने इजिप्तमध्ये शोधले. हे मत आता टिकत नाही. तुर्कस्तानातल्या अर्सलानतेपे इथे इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षांहून जुन्या, आर्सेनिकमिश्रित तांब्याच्या तलवारी विसाव्या शतकात सापडल्या. बर्टनला ते माहीत असणे शक्यच नव्हते.

पण सातवे प्रकरण अजून वाचण्यासारखे आहे. तलवार म्हणजे नेमके काय, असा प्रश्न घेऊन तो सरळ मेकॅनिक्समध्ये शिरतो. प्रत्येक पात्यावर एक जागा अशी असते, की तिथे आघात झाला तर हाताला झटका बसत नाही आणि जोर पुरा लागतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत हे सेंटर ऑफ पर्कशन. क्रिकेट बॅटवर चेंडू ‘मधोमध’ बसला की कसे वाटते ते आठवा, मामला साधारण तोच. या जागेच्या पुढे किंवा मागे वार बसला तर हात झिणझिणतो आणि जोर वाया जातो.

दुसरा मुद्दा वक्र पात्याचा. वाकडी तलवार जास्त का कापते? ती नुसती आदळत नाही, ओढली जाते. पाते तिरके सरकले, की धारेचा कोन कापल्या जाणाऱ्या वस्तूला प्रत्यक्षापेक्षा लहान लागतो, म्हणजे धार आहे त्याहून तीक्ष्ण होते. घाटातला रस्ता नागमोडी केल्यावर चढ कमी होतो, तसेच हे गणित आहे. आपल्या घरातली विळीही याच कारणाने वाकडी असते. सरळ पाते मात्र भोसकायला बरे, आणि बर्टनचा कल कुठे होता ते वर आलेच आहे. तरी वक्र पात्याचा हिशेब त्याने प्रामाणिकपणे मांडला आहे.

एखादी जुनी तलवार हातात घेऊन ती वापरायची होती की दरबारात मिरवायची, हे ठरवताना जाणकार आजही आधी तिचा तोल पाहतात. नक्षी नंतर.

मग अडले कुठे?

१८८४ चे पुस्तक हा तीनपैकी पहिलाच खंड होता. तो रोमन साम्राज्याच्या सुरुवातीच्या काळात थांबतो. दुसऱ्या खंडात रोमच्या पडतीपासून पुढची, भरात आलेली तलवार येणार होती. तिसऱ्यात आधुनिक पाती, कारखाने, सरकारी आणि खासगी शस्त्रसंग्रहांची माहिती आणि ग्रंथसूची, अशी आखणी त्याने पहिल्या खंडातच छापली आहे.

आता हा हिशेब पाहा. सेबर, रेपियर, अरबी आणि इराणी पाती, गोव्यामार्गे आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून दख्खनला पोहोचलेले फिरंग हे सगळे रोमनंतरचे. ज्या तलवारी त्याने स्वतः चालवल्या, ज्यांच्याविरुद्ध लढला, ज्या मुलखांच्या भाषा शिकला, त्यांचा काळ पहिल्या खंडात येतच नाही. प्राचीन भारताला मिळालेल्या जागेत मराठे बसत नाहीत. मराठी, गुजराती, सिंधी, फारसी, अरबी येणारा आणि वर तलवारीचा उस्ताद असलेला दुसरा माणूस हे काम करायला त्या काळात तरी दिसत नाही.

पहिला खंड खपला नाही. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, त्याने ‘अरेबियन नाइट्स’चा अनुवाद खासगीरीत्या, फक्त वर्गणीदारांसाठी, एक हजार प्रतींत छापायला घेतला. त्यातून सुमारे दहा हजार गिनी नफा झाला. आयुष्यभर पैशांची ओढाताण सोसलेल्या साठीपुढच्या माणसाने उरलेला वेळ कुठे घातला असेल हे सांगायला नको. दोष त्याला देता येत नाही, पण चुटपुट लागते.

१८८६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. २० ऑक्टोबर १८९० रोजी ट्रिएस्टला त्याचा मृत्यू झाला. नंतर इझाबेलने एका कामशास्त्रीय ग्रंथाच्या अनुवादाचे हस्तलिखित आणि त्याच्या डायऱ्या जाळल्या, हे प्रकरण गाजले. तलवारबाजीवरचे एक लेखन मात्र वाचले. एका हवेलीत नऊ संध्याकाळी रंगलेल्या गप्पांच्या रूपातले हे पुस्तक १९११ मध्ये छापले गेले. त्यात फेन्सिंगचे धडे आहेत, इतिहासाचे उरलेले दोन खंड नाहीत.

आज संदर्भ कुठून घेतात?

मराठा शस्त्र ओळखायचे तर संग्राहक साधारणपणे दोन जुनी पुस्तके उघडतात. एक, विल्ब्रहॅम एगर्टन यांनी लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या भारतीय शस्त्रांची केलेली १८८० ची सचित्र सूची. दोन, जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा १९३४ चा शस्त्रकोश. स्टोन हे धातूंच्या धंद्यातले अमेरिकन इंजिनीअर. त्यांचा पूर्वेकडच्या शस्त्रांचा संग्रह आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पट्टा, बिचवा, कट्यार यांच्या नोंदी त्यात चित्रांसह सापडतात.

बर्टनचे पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे आणि इंटरनेटवर मोफत वाचता येते. मोबाइलवर सगळे वाचणे जिवावर येईल, म्हणून निदान सातवे आणि प्राचीन भारत असलेले दहावे प्रकरण उघडून पाहावे. प्रत्यक्ष पाती बघायची तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेच. तिथे मुठीच्या नक्षीवरून नजर खाली आणून पाते सरळ आहे की वाकडे, आणि त्यावर कुठे परदेशी कारागिराचा शिक्का आहे का, हे पाहता येईल.