घोड्यांचे उस्ताद विष्णुपंत छत्रे

सर्कशीचे रिंगण गोल का असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ते घोड्यासाठी गोल असते. घोडा गोल धावू लागला की आतल्या बाजूला झुकतो. त्याच्या पाठीवर उभा असलेला स्वारही तसाच झुकतो आणि त्याला तोल सांभाळता येतो. फिलिप अ‍ॅस्टली या इंग्रज घोडेस्वाराने 1768 साली लंडनमध्ये अशा रिंगणात खेळ सुरू केले. त्याने ठरवलेले 42 फूट व्यासाचे माप पुढे जगभर चालले. आपल्या देशातील माणसाने स्वतःची सर्कस उभी केली ती मात्र शंभराहून अधिक वर्षांनी. त्या माणसाचे नाव विष्णुपंत छत्रे.

विष्णुपंत सांगली जिल्ह्यातील अंकलखोप या कृष्णाकाठच्या गावचे. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते, गाणे आणि घोडे. दोन्हींसाठी ते दूर ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेर ही शिंदे सरकारची राजधानी. तेथे पागाही मोठी आणि गवईही मोठे. विष्णुपंत बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या शिकले आणि उस्ताद हद्दूखाँ यांच्याकडे गाणे.

घोडे शिकवणाऱ्याला मराठीत चाबुकस्वार म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. लगाम, रिकीब, पागा हे शब्दही असेच फारसीतून मराठीत आले आहेत. नावात चाबूक असला, तरी चांगला चाबुकस्वार घोड्याला मारून शिकवत नाही. घोडा मुळात भित्रा प्राणी. वाऱ्याने उडालेल्या कागदालाही तो बिचकतो. म्हणून आधी त्याला लांब दोरीला बांधून गोल फिरवतात. याला कावा देणे म्हणतात. रोज तीच जागा, तोच आवाज, तीच खूण. हळूहळू घोड्याची भीती जाते. मग दोरी सोडली तरी तो शिक्षकाच्या हाताकडे पाहून चालतो, थांबतो, वळतो. या कामात घाई केली की महिन्याची मेहनत एका दिवसात वाया जाते.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाड संस्थानात घोड्यांच्या पागेवर नोकरीला लागले. 1879 च्या सुमारास जुझेप्पे क्यारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाडचे राजे विष्णुपंतांना घेऊन ती पाहण्यास गेले. हिंदुस्थानी लोकांना असे खेळ इतक्यात जमणार नाहीत, असे क्यारिनीने सर्वांसमोर बोलून दाखवले. विष्णुपंतांना ते लागले. सहा महिन्यांत असेच खेळ करून दाखवीन, अशी पैज त्यांनी घेतली, अशी हकीकत सांगतात.

पैज घेणे सोपे होते. पण घोड्याला पैज कळत नाही. तो आपल्याच गतीने शिकतो. हरले असते तर विष्णुपंतांबरोबर त्यांच्या राजांचीही मान खाली गेली असती. परंतु ग्वाल्हेरची विद्या कामी आली. 1880 साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू झाली. भारतीय माणसाने काढलेली ही पहिली सर्कस समजली जाते. पुढे ती गावोगाव फिरली. फिरत फिरत ती केरळातील तलश्शेरीला गेली, तेव्हा विष्णुपंतांची भेट कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांशी झाली. त्यांनी तेथील मुलांना सर्कशीची कामे शिकवली. भारतातील कितीतरी सर्कशींना त्याच गावाने कलाकार पुरवले.

विष्णुपंतांची आणखी एक गोष्ट मला घोड्यांच्या खेळाहून मोठी वाटते. हद्दूखाँ वारल्यानंतर त्यांचे पुत्र रहिमतखाँ यांची फार आबाळ झाली. गळा अलौकिक, पण त्यांना जगाचे भान राहिले नव्हते. बनारसमध्ये ते विपन्नावस्थेत फिरत होते. विष्णुपंतांनी आपल्या उस्तादांच्या मुलाला ओळखले आणि आपल्याबरोबर घेतले. तंबू जेथे जाई तेथे खाँसाहेबही जात. त्यांच्या खाण्यापिण्याची, औषधपाण्याची काळजी छत्र्यांच्या घरातल्या माणसासारखी घेतली जाई. त्यामुळे ते पुन्हा मैफिलीत गाऊ लागले. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले.

1905 साली विष्णुपंत वारले. त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना अंतर दिले नाही. 1922 साली रहिमतखाँ यांनी डोळे मिटले, तेही छत्र्यांच्या कुरुंदवाडातच.