लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे



थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडन शहराजवळ झाला. त्यांचे वडील लोहार होते. पण ते सारखे आजारी असायचे. भाता बंद की चूल बंद. १८०१ साली धान्य फार महाग झालं. तेव्हा मायकेलला आठवड्याला एक मोठा पाव मिळायचा, तोच सात दिवस पुरवायचा. हे मी आजीला वाचून दाखवलं तर ती ७२ च्या दुष्काळातल्या सुकडीचंच सांगत बसली.

तेराव्या वर्षी शाळा सोडून ते पुस्तकं बांधणाऱ्या दुकानदाराकडे कामाला लागले. आधी घरोघर वर्तमानपत्रं पोहोचवायचे. मग सात वर्षं बांधणी शिकले. बांधायला आलेली पुस्तकं ते वाचून काढत. विजेचं आणि रसायनाचं त्यांना वेडच लागलं. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञांच्या व्याख्यानाची तिकिटं दिली. त्यांनी चार व्याख्यानं ऐकली, सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, आकृत्या काढल्या, स्वतः वही बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये डेव्हींनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत मदतनीस घेतलं.

डेव्हींबरोबर ते परदेशी गेले. प्रवासात डेव्हींच्या बाई त्यांना गड्यासारखं वागवायच्या. मला हे वाचून लई राग आला. पण १८१४ साली इटलीत त्यांनी मोठ्या भिंगाने उन्हात हिरा जाळलेला पाहिला. हिरा म्हणजे नुसता कार्बन, कोळशाचाच भाऊ!

पुढे त्यांनी बेंझिन शोधलं (१८२५). १८३१ साली लोहचुंबक आणि तारेपासून वीज तयार केली. ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी दुसरंच सांगतो.

१८३३ साली त्यांना दिसलं की पाण्यातून वीज जाते, पण त्याच पाण्याचा बर्फ झाला की अडते. मग त्यांनी एकेक पदार्थ वितळवून बघितला. पुष्कळ क्षार वितळले की वीज जाऊ देत. पण गंधक, साखर, कापूर, लाख हे वितळले तरी वीज जाईना. असं का, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. इलेक्ट्रॉनच माहीत नव्हता, तो १८९७ साली सापडला. आणि १९१६ साली अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांनी उलगडा केला.

गुरुजींनी आम्हाला असं समजावलं. मिठात एक अणू इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, दुसरा घेतो. दोघांवर विजेचा भार येतो. मीठ वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की ते भारवाले कण सुटे फिरतात, म्हणून वीज जाते. साखरेत कुणी देत नाही, कुणी घेत नाही. दोन भावांची सामाईक विहीर असते ना, तसे दोन अणू इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. याला सहसंयुज बंध म्हणतात. तिथे भारवाले कण सुटत नाहीत, मग वीज कोण नेणार? कापरात अणू एकमेकांना घट्ट धरतात, पण त्यांचे घोळके, म्हणजे रेणू, एकमेकांना सैल धरतात. म्हणून कापूर डबीत उडून जातो. हिऱ्यात मात्र सगळेच्या सगळे अणू एकमेकांत गुंतलेले, म्हणून तो इतका कठीण.

फॅरेडे यांना मूलबाळ नव्हतं. पण नाताळात ते मुलांसाठी व्याख्यानं देत. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी सहा व्याख्यानं दिली. म्हातारपणी त्यांना विसर पडायचा. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले.

खाली टेबलावर दोन पेले आहेत. दोन्हींत पावसाचं साठवलेलं पाणी आहे, एकात मीठ, एकात साखर. तीन सेल आणि छोटा एलईडी दिवा जोडलाय. वायरी बुडवून बघा, पण एका पेल्यातून काढल्यावर पुसा, नाहीतर साखरेतसुद्धा दिवा लागेल. काल माझं तसंच झालं आणि सगळे हसले.

— इयत्ता चौथी