डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या बाळाची आई

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्याकडे मुलींच्या शाळेतील भाषणांत हटकून येते. परदेशी जाऊन वैद्यकीची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री, एवढी त्यांची ओळख बहुतेकींना असते. परंतु डॉक्टर होण्यापूर्वी त्या आई झाल्या होत्या, आणि ते मूल गमावल्यावरच त्यांच्या मनाने वैद्यकीकडे धाव घेतली, ही गोष्ट मात्र ओझरती सांगितली जाते. आपल्या मंडळात नव्या सुना आहेत, लेकींची बाळंतपणे करणाऱ्या आया आहेत, नातवंडे न्हाऊमाखू घालणाऱ्या आज्याही आहेत. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची हीच बाजू भगिनींपुढे ठेवीत आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास. त्या काळी बायको पुस्तक हाती धरते म्हणून नवरे मारीत. गोपाळराव पुस्तक सोडते म्हणून रागावत आणि प्रसंगी हातही उचलीत. त्यांच्या आग्रहानेच आनंदीबाई शिकल्या हे खरे, पण त्या आग्रहापायी त्यांना पुष्कळ सोसावे लागले हेही तितकेच खरे. लग्न काय किंवा अभ्यास काय, त्या मुलीला कोणी विचारून काही केले नव्हते.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. आजच्या हिशेबाने ही आठवी-नववीत जाणारी मुलगी. बाळ दहा दिवस जगले. वेळेवर योग्य औषधोपचार मिळाला नाही आणि ते गेले. पाचवीची पूजा झाली असेल नसेल, पण बाराव्या दिवसाचे बारसे काही त्याच्या वाट्याला आले नाही. तेव्हा घरोघरी असे होत असे. देवाने दिले, देवाने नेले, असे म्हणून बायका डोळे पुशीत आणि पुन्हा चुलीपाशी बसत. दुखणे अंगावर काढावे, पण पुरुष डॉक्टरपुढे जाऊ नये, अशी रीत होती. आणि स्त्री डॉक्टर तर मिळणेच कठीण. आनंदीबाईंनी मात्र दुःख गिळून टाकले नाही. बायकांना आणि त्यांच्या लेकरांना औषधपाणी का मिळत नाही, हा प्रश्न त्यांनी मनाशी धरला आणि त्याचे उत्तर आपणच शिकून द्यावयाचे ठरविले. गोपाळरावांच्या इच्छेने सुरू झालेले शिक्षण येथून त्यांचे स्वतःचे झाले.

१८८० साली गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची इच्छा कळविली. ते पत्र तिकडील एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी स्वतः होऊन आनंदीबाईंना पत्र घातले, आणि त्या ओळखीतून मावशी-भाचीचे नाते जुळले.

अमेरिकेस एकटीने जाण्याचे ठरताच लोकांनी नावे ठेवण्यास सुरुवात केली. तेव्हा जोशी दांपत्य बंगालमध्ये श्रीरामपूर येथे होते. फेब्रुवारी १८८३ मध्ये तेथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या. आपण अमेरिकेस का जातो, हिंदुस्थानात शिकण्याची सोय का नाही, एकटीच का जातो, परत आल्यावर लोक वाळीत टाकतील त्याचे काय, असे लोकांच्या मनातील प्रश्न त्यांनी आपणच मांडले आणि एकेकाचे शांतपणे उत्तर दिले. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे हे त्यांनी निक्षून सांगितले. वय वर्षे सतरा. पण सर्व बाजू पाहून घेतलेला तो निर्णय होता.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथे जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासमवेत काढलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन देशांच्या तीन लेकी आपापल्या देशातील आयाबहिणींसाठी एकाच विद्येच्या शोधात तेथे जमल्या होत्या. थंडी कडाक्याची, प्रकृती मुळात नाजूक, तरी आनंदीबाईंनी साडी व शाकाहार सोडला नाही.

पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे जे मूल गेले त्याच्या जन्माच्या वाटेवरच त्या पुन्हा अभ्यासाला बसल्या. विलायती विद्या शिकत असताना घरची विद्या त्यांनी तुच्छ मानली नाही, आणि जुने आहे म्हणून ते न पारखताही घेतले नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची सूत्रे त्यांना मिळाली होती. पण नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

जे काम त्यांना करता आले नाही ते पुढे इतरांनी उचलले. आपल्या नंदुरबारहून रेल्वेने ज्या सुरतेस आपण लग्नाच्या खरेदीला जातो, त्याच सुरतेत डॉ. रखमाबाई राऊत यांनी लंडनहून वैद्यकी शिकून आल्यावर स्त्रियांच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे सेवा केली. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची देखभाल करविली, आणि त्यामुळे नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. आज आशाताई बाळंतिणीच्या दारी येते ती त्याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिची फेरी असते. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. आनंदीबाईंच्या बाळाला मिळालेल्या त्या दहा दिवसांत आज निदान दोन वेळा तरी जाणते माणूस घरी येते.

तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यांवरून पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीतून खाली आणावे लागते, हे आपण जाणतोच. म्हणून आनंदीबाईंप्रमाणे आधी माहिती करून घेणे आणि मग ठरविणे, हे प्रत्येक घराचे काम आहे. बाळंतपण कोठे करावयाचे, रात्री गाडी कोणती, १०८ ला फोन कोण करील, हे नववा महिना लागण्यापूर्वी नवराबायकोने बसून ठरवावे. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर दूध, चीक, पिळून टाकू नये. त्यात रोगाशी झगडण्याची शक्ती असते. सहा महिने आईचेच दूध. मध, घुटी, पाणीसुद्धा नको. नाळेला राख, हळद, तेल लावू नये, ती कोरडी ठेवावी. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्यावी. बाळ दूध ओढीनासे झाले, मिनिटाला साठ वा अधिक श्वास घेऊ लागले, अंग गार पडले वा तापले, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर दृष्ट काढण्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात अशा बाळांसाठी स्वतंत्र कक्ष आहे.

आणि डॉक्टरांना, परिचारिकेला विचारण्यात संकोच कसला? वजन किती भरले, ही लस कशावरची, मोठ्या दवाखान्यात का पाठविता, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आजेसासूबाईंच्या अनुभवाचा मान राखून हेही विचारता येते. तेलाची हलकी मालीश, बाळंतिणीला गरम सकस अन्न, हे जुनेच, पण चांगले. ते जरूर ठेवावे. जे बाळाला अपाय करते तेवढे सोडावे.

आनंदीबाईंच्या बाळाचे नाव कोणाच्या ओठी नाही. पण त्याच्या आईने विचारलेला प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे. येत्या वर्षात मंडळाच्या प्रत्येक भगिनीने आपल्या गल्लीतील एकेका गरोदर मुलीकडे जाऊन या चार गोष्टी सांगाव्यात. त्या घरी बाराव्या दिवशी पाळणा हलेल, त्यात या थोर मातेचे स्मरण आपोआप होईल.