जुने कागद वाचणारे राजवाडे

थोर इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली वरसई या गावी झाला. हे गाव रायगड जिल्ह्यात आहे. आपल्या बदलापूरहून गाडीने कर्जतकडे निघालो की वांगणीच्या पुढे तो जिल्हा लागतो. त्यांचे वडील ते लहान असतानाच वारले. पुढे ते पुण्यात शिकले, बी. ए. झाले आणि थोडी वर्षे शिक्षक होते. त्यांची बायको लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना इंग्रजी चांगले येत होते तरी लिहायचे ते मराठीतच लिहायचे.

राजवाडे यांनी जन्मभर एकच काम केले. गावोगाव जाऊन जुने कागद शोधायचे, वाचायचे आणि छापायचे. पूर्वी वाड्यांत, देवळांत, कुळकर्ण्यांच्या घरी कागदांची दप्तरे बांधून माळ्यावर टाकलेली असत. काही वाळवीने खाल्ली, काही पावसात भिजली, काही रद्दीत गेली. राजवाडे दारात आले की काही लोक कागद दाखवीतच नसत. त्यांना भीती वाटे की कागद दिला तर आपले वतन जाईल. तरी ते पुन्हा पुन्हा जात. वाईला त्यांना पेटारे भरून कागद मिळाले. त्यांत पानिपतच्या काळातली पत्रे होती. पानिपतची लढाई १७६१ साली झाली. ही पत्रे त्यांनी १८९८ साली पुस्तक करून छापली. त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासाची साधने. असे २२ खंड निघाले.

आता तुम्ही म्हणाल, पत्र वाचायला काय अवघड आहे? पण ती मोडी लिपीत होती. मोडी म्हणजे भाषा मराठीच, पण अक्षरे वेगळी. आधी कागदावर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली बोरूने भराभर लिहीत जायचे. हात सहसा उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नसते, त्यामुळे शब्द कुठे संपला ते आपणच ओळखायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पण नसतो. (तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कसे कापत असतील?) प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे ते निराळेच. १९५० च्या सुमारास शाळेत मोडी शिकवणे बंद झाले. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांचा जमिनीचा एक मोडी कागद आहे. त्यात कोणाकोणाची नावे आहेत ते घरात कोणालाच वाचता येत नाही.

पुष्कळ पत्रांवर तिथी आणि महिना असतो पण सालच नसते. जिथे असते तिथे ते कधी कधी अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेले असते. मग पत्र कोणत्या सालचे? पत्रात कोण जिवंत आहे, कोण वारले, कोणती स्वारी चालू आहे हे बघून राजवाडे साल ठरवीत. मला हे काम सगळ्यांत भारी वाटते. साल चुकले तर नातू आजोबांच्या आधी जन्माला यायचा! आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेच्या दारावर शिलालेख आहे. त्याचे साल पहिल्यांदा शके ७८२ असे वाचले होते. नंतर दुसऱ्या विद्वानाने ते ९८२ वाचले, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने देऊळ २०० वर्षे पुढे आले. तो लेख राजवाडे यांनी वाचलेला नाही, पण मला सांगावासा वाटला.

राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. ते स्वभावाने तापट होते, त्यांचे लोकांशी भांडण होई, म्हणून पुढे ते पुणे सोडून धुळ्याला गेले. १९२४ साली त्यांनी महिकावतीची बखर छापली. ती आपल्याच बाजूची आहे, ठाणे, वसई, माहीम इकडची. कोणती कुळे कोठून येऊन इकडे राहिली ते तिच्यात लिहिले आहे.

अशा जुन्या कागदांची २०२३ साली लई गरज पडली. कुणबी नोंदी शोधायला सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे काढली. शाळेचे जुने दाखले, जन्ममृत्यूची रजिस्टरे बघितली. त्यात मोडी होती, म्हणून मोडी वाचणारे बोलवावे लागले. आजोबाच्या बापाचे नाव नीट वाचता आले तर नातवाला दाखला मिळतो, नाहीतर नाही.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला वारले. पुढच्याच वर्षी लोकांनी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले. त्यांनी जमवलेले कागद तिथे जपून ठेवले आहेत.

इयत्ता चौथी