आल्फ्रेड कास्टलर: अणूंना रांगेत उभं करणारा मास्तर

मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी हेल्मेट्स तुम्ही एखाद्या व्हिडिओत पाहिली असतील. हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण. ते पकडणाऱ्या सेन्सरमध्ये असतं काय? काचेची एक कुपी, त्यात रुबिडियमची वाफ आणि एक लेसर. पण मूळ कल्पना लेसरच्याही दहा वर्षं आधीची आहे.

आल्फ्रेड कास्टलर 1902 मध्ये आल्सासमध्ये जन्मले. तेव्हा तो भाग जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला. म्हणजे गाव तेच, देश बदलला! दोन्ही भाषा त्यांच्या. पुढे त्यांनी जर्मनमध्ये कविताही लिहिल्या. पॅरिसच्या इकोल नॉर्मालमध्ये शिकून ते काही वर्षं चक्क शाळामास्तर होते. 1941 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसला ते परतले, ते जॉर्ज ब्रुआ यांच्या बोलावण्यावरून. हे ब्रुआ पुढे नाझी छावणीत मरण पावले.

1950 मध्ये कास्टलर यांनी ऑप्टिकल पंपिंग सुचवलं. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचा प्रत्येक फोटॉन अणूला स्पिनच्या शिडीवर एक पायरी वर चढवायचा प्रयत्न करतो. उत्तेजित अणू खाली येताना कधी मूळ पायरीवर येतो, कधी वरच्या. असं होत होत बहुतेक अणू शेवटच्या पायरीवर जमतात. तिथून पुढे पायरीच नाही, म्हणून ते प्रकाश शोषत नाहीत आणि वाफ पारदर्शक होते. चुंबकीय क्षेत्राने ही रांग हलवली की प्रकाश पुन्हा शोषला जातो. झाला मॅग्नेटोमीटर! स्पिनच्या भोवऱ्याचा वेगही क्षेत्रावर ठरतो: रुबिडियम-87 साठी दर नॅनोटेस्लाला सुमारे 7 हर्ट्‌झ.

अडचण एकच, अणू विसरभोळे. काचेच्या भिंतीवर आपटले की दिशा गेली, आणि लहान कुपीत हे सेकंदाच्या दहाहजाराव्या भागातच घडतं. यालाच स्पिन रिलॅक्सेशन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही डीरॅम आहे आणि पंपिंग म्हणजे तिचं रिफ्रेश. दिशा जितकी जास्त वेळ टिकेल, तितकं क्षेत्र नेमकं मोजता येतं.

मग 1955 च्या सुमारास पॅरिसमध्ये दिसलं, की कुपीत दुसरा वायू असला तर पंपिंग बिघडण्याऐवजी सुधारतं. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. टकरा वाढल्या तर स्मृती कमी व्हायला हवी ना? पण सोडियम-रुबिडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन गोलाकार ढगात असतो, त्यामुळे अशा टकरांनी त्याच्या स्पिनला फारसा धक्का लागत नाही. उलट गर्दीत अडकलेला अणू भिंतीपर्यंत उशिरा पोचतो.

ही सगळी कामं कास्टलर यांनी त्यांचे विद्यार्थी ज्याँ ब्रॉसेल यांच्या साथीने केली. 1966 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या कास्टलर यांना मिळालं. ते मला आजही खटकतं. 1969 मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या तरुणांनी रुबिडियमच्या वाफेने शेजारच्या कुपीतल्या हेलियम-3 च्या अणुकेंद्रकांचं क्षेत्रसुद्धा मोजलं. कास्टलर 1984 मध्ये वारले. त्या प्रयोगशाळेला आज कास्टलर आणि ब्रॉसेल अशा दोघांचं नाव आहे.