उजवा हात गेला, गड्यानं पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि दोनदा ऑलिम्पिक मारलं

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं परभणीकर छाती ठोकून सांगतात. आजची गोष्ट या दोन्ही ठिकाणची नाही. ती आहे जर्मनीच्या जरा पलीकडे असलेल्या हंगेरीची. पण परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, घरातलं एखादं डावखुरं पोरगं एनसीसीत जात असेल किंवा पोलीस भरतीची तयारी करत असेल, तर त्याला ही गोष्ट नक्की वाचायला द्या.

कारण डावखुऱ्यांचे हाल घरातूनच सुरू होतात. ताटात डावा हात गेला की आजीची चापट बसते. देवाचा प्रसाद डाव्या हाताने घेतला की घरातले डोळे वटारतात. एवढं सगळं सोसून पोरगं एनसीसीच्या कॅम्पला जातं आणि फायरिंगच्या दिवशी हातात पॉइंट टू टू रायफल येते. बघतं तर काय, तिच्या बोल्टची दांडी उजव्या बाजूला!

उजव्या हाताच्या माणसाचं गणित इथे सोपं असतं. डावा हात रायफलला आधार देतो, उजवा हात बोल्ट ओढतो आणि चाप दाबतो. डावखुऱ्याला मात्र डाव्या खांद्याला रायफल लावली की बोल्टसाठी हात वरून पलीकडे न्यावा लागतो. दर गोळीमागे पकड सुटते, गाल हलतो, नेम नव्याने धरावा लागतो. जुन्या थ्री-नॉट-थ्रीचंही तेच. इन्साससारख्या आपोआप भरणाऱ्या रायफलीत पुंगळी उजवीकडे फेकली जाते, म्हणजे डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या तोंडासमोरून. ब्रिटिश सैन्याच्या एसए-८० रायफलचं तर असं आहे की ती डाव्या खांद्याला लावून चालवताच येत नाही. बोल्टची मूठ मागेपुढे होताना थेट चेहऱ्यावर बसेल. तिथे डावखुऱ्या जवानालाही उजव्या खांद्यावरूनच शिकावं लागतं. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग किंवा फ्रान्सची फामास यांच्यात पुंगळी बाहेर पडण्याची बाजू बदलता येते, पण अशी शस्त्रं थोडीच.

थोडक्यात, जगातली बहुतेक शस्त्रं उजव्या हाताचा माणूस समोर ठेवून बनतात. मग एखाद्याला डाव्या हातानेच मारायचं असेल, आणि तेही जगात पहिलं यायचं असेल तर?

त्या माणसाचं नाव कॅरोली टकास. निदान आपल्याकडच्या मोटिव्हेशनल व्हिडिओंमध्ये तरी तसंच म्हणतात. हंगेरियन लोक त्याला कारोय टाकाच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. या व्हिडिओंमुळे त्याची गोष्ट घराघरांत गेली हे खरं, पण तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग नेमका तिथेच गळतो.

टाकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्टमधला. मोठा झाला, सैन्यात गेला आणि पिस्तुलात एवढा तरबेज झाला की १९३६ पर्यंत जगातल्या चांगल्या नेमबाजांमध्ये त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. त्याच वर्षी बर्लिनला ऑलिम्पिक होतं. गडी फॉर्मात, वय सव्वीस. पण संघात त्याला घेतलं नाही.

कारण काय? तर तो सार्जंट होता. म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराच्या दर्जाचा. हंगेरीच्या सैन्यातला नियम असा की ऑलिम्पिकच्या नेमबाजी संघात फक्त कमिशन्ड अधिकारी जाणार. नेम कितीही अचूक असो, खांद्यावर पुरेशी फीत नसेल तर घरी बसा. बर्लिननंतर हा नियम उठवला गेला आणि टाकाचने पुढच्या ऑलिम्पिककडे डोळे लावले. ते १९४० साली टोकियोत व्हायचं होतं.

आणि मग आलं १९३८. सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हातावर सगळं उभं केलं होतं, तोच हात निकामी झाला. वय होतं अठ्ठावीस.

महिनाभर तो हॉस्पिटलमध्ये होता. बाहेर आला आणि कुणालाही पत्ता लागू न देता डाव्या हाताने सराव सुरू केला.

इथे व्हिडिओवाले जोरात संगीत वाजवतात, इच्छाशक्तीवर दोन वाक्यं टाकतात आणि थेट सुवर्णपदकावर उडी मारतात. पण डाव्या हाताने सराव सुरू केला म्हणजे नक्की काय केलं, हे समजून घेतल्याशिवाय या गोष्टीची खरी किंमत कळत नाही.

पिस्तूल नेमबाजीत हात हा फक्त शेवटचा दुवा असतो. त्याच्या आधी डोळा येतो. प्रत्येक माणसाचा एक डोळा नेम धरताना पुढाकार घेतो आणि बहुतेकांचा तो उजवा असतो. रायफलमध्ये गाल दस्त्याला टेकलेला असतो, त्यामुळे हात डावा आणि डोळा उजवा असला की मोठी पंचाईत होते. पिस्तुलात हात लांब पुढे असतो. मान किंवा मनगट जरासं वळवलं की दुसऱ्या बाजूच्या डोळ्याने नेम धरता येतो. म्हणजे हात बदलण्याची वेळ आलीच, तर रायफलपेक्षा पिस्तूल परवडलं.

दुसरं म्हणजे, ऑलिम्पिकचं पिस्तूल एकाच हाताने चालवायचं असतं. दुसऱ्या हाताने आधार घेणं नियमातच बसत नाही. निशाणा साधताना टाकाचचा निकामी हात बाजूला राहिला तरी बाकीच्यांचाही एक हात बाजूलाच असायचा. रायफलवाल्याच्या हातात हा बॉम्ब फुटला असता तर गोष्ट बहुधा तिथेच संपली असती.

पण सोप्या गोष्टी एवढ्याच. बाकी सगळं उलटं. उजव्या हाताच्या मुठीत बसणारी पिस्तुलाची मूठ डाव्या हातात नीट बसत नाही, कारण अंगठ्यासाठीचा उंचवटा चुकीच्या बाजूला येतो. उजव्या हाताने चाप झटक्याने ओढला तर गोळी साधारण डावीकडे खाली जाते, डाव्या हाताने ओढला तर उजवीकडे. म्हणजे वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेल्या चुका दुरुस्त करण्याची सवयही उलटी करायची. उभं राहण्याची ढब बदलते, पुढचा पाय बदलतो, वजन दुसऱ्या बाजूला जातं. आणि ज्या खांद्याने कधी पिस्तूल तोललं नाही, त्याला रोज शेकडो वेळा ते उचलायला शिकवायचं.

मग त्याच्याजवळ शिल्लक काय होतं? डोकं. श्वास कधी रोखायचा, चाप कसा हळूच वाढत्या दाबाने ओढायचा, दहा लोक बघत असताना घाई कशी करायची नाही, वाईट गोळी गेली की पुढच्या गोळीआधी ती कशी विसरायची, हे सगळं त्याला आधीच येत होतं. ते उजव्या हातात नव्हतं, म्हणून हातबॉम्बने गेलं नाही. नवशिक्याला हे सगळं शिकायला वर्षं लागतात. टाकाच नवशिका नव्हता, फक्त त्याचा हात नवशिका होता. एका वर्षात तो परत उभा राहिला तो यामुळे. नुसत्या जिद्दीने हे होत नसतं. तसं असतं तर व्हिडिओ बघणारे सगळेच चॅम्पियन झाले असते.

१९३९ च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा होती. सांगतात की टाकाचला तिथे बघून जुने सोबती हळहळले. बिचारा स्पर्धा बघायला आला असेल, असं त्यांना वाटलं. पठ्ठ्याने डाव्या हाताने ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी पिस्तुलाची सांघिक जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता.

आता ऑलिम्पिक पक्कं होतं. पण ऑलिम्पिकच झालं नाही. टोकियोचं हेलसिंकीला गेलं आणि दुसऱ्या महायुद्धात तेही रद्द झालं. १९४४ चं लंडनही रद्द. हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि शेवटी बुडापेस्टलाच वेढा पडला. नेमबाजाची ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. हाताच्या अपघातावर सगळे बोलतात, पण टाकाचचं जास्त नुकसान एका नियमाने आणि एका युद्धाने केलं. त्या दोघांनी मिळून त्याची तीन ऑलिम्पिक खाल्ली.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक झालं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याचा प्रकार होता २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. यात समोर ओळीने पाच लक्ष्यं असतात. हात खाली ठेवून थांबायचं. लक्ष्यं समोर वळली की हात उचलायचा आणि प्रत्येकावर एक, अशा पाच गोळ्या मारायच्या. आधी ८ सेकंदांत, मग ६ सेकंदांत, मग ४ सेकंदांत. अशा एकूण ६० गोळ्या आणि ६०० गुण. चार सेकंदांत हात उचलून पाच वेगवेगळी लक्ष्यं टिपायची म्हणजे विचार करायला वेळच नाही. हाताला आपोआप कळलं पाहिजे. डाव्या हाताला ते आपोआप कळायला लावणं हीच टाकाचची दहा वर्षांची कमाई.

अर्जेंटिनाचा कार्लोस साएन्स व्हॅलिएन्टे तेव्हाचा जगज्जेता होता. स्पर्धेआधी त्याने टाकाचला इथे कसा काय आलास असं विचारलं, आणि टाकाचने शिकायला आलोय असं उत्तर दिलं, असा किस्सा नेमबाजीच्या वर्तुळात सांगितला जातो. निकाल लागला तेव्हा टाकाचचे ५८० गुण होते, नवा जागतिक विक्रम. साएन्स व्हॅलिएन्टे ५७१ वर, दुसरा. नऊ गुणांचा फरक. या खेळात एकेका गुणावरून पदकं इकडची तिकडे होतात, तिथे नऊ गुण म्हणजे विषयच संपला. शिकवणी पूर्ण झाली, असं मग त्या जगज्जेत्यानेच मान्य केलं म्हणतात.

चार वर्षांनी हेलसिंकी. हे १९५२ चं ऑलिम्पिक मराठी माणूस विसरत नाही, कारण २३ जुलैला आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी इथेच कुस्तीत कांस्य घेतलं. संघात जागा मिळवायला आणि प्रवासाचे पैसे जमवायला खाशाबांनाही किती झगडावं लागलं ते आपल्याला माहीत आहे. लंडनच्या ऑलिम्पिकलाही दोघे होते, हेलसिंकीलाही दोघे होते. खाशाबांच्या पदकानंतर काही दिवसांतच टाकाच फायरिंग लाइनवर उभा राहिला.

या वेळी साएन्स व्हॅलिएन्टेला पदक मिळालं नाही. टाकाचला झुंज दिली ती त्याच्याच देशाच्या सोळा वर्षांच्या सिलार्ड कुनने, आणि या कुनला तयार केलं होतं टाकाचनेच. गुरूचे ५७९, चेल्याचे ५७८. एका गुणाने गुरू जिंकला. या प्रकारात ऑलिम्पिक सुवर्ण दोनदा जिंकणारा टाकाच पहिलाच.

१९५६ साली मेलबर्नलाही तो गेला. त्या वर्षी सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव नुकताच चिरडला होता, संघातल्या अनेकांचं चित्त घराकडे होतं. ४६ वर्षांचा टाकाच आठवा आला. तरी पिस्तूल खाली ठेवलं नाही. दोन वर्षांनी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलात त्याने कांस्य मिळवलं. राष्ट्रीय विजेतेपदं मोजायला गेलं तर पस्तीस होतात.

सैन्यात तो पुढे लेफ्टनंट कर्नल झाला. ज्याला एके काळी अधिकारी नाही म्हणून संघातून वगळलं होतं, तो निवृत्त झाला तेव्हा अधिकारीच होता. नेमबाजी सुटल्यावर त्याने पोरं शिकवली. ५ जानेवारी १९७६ ला बुडापेस्टमध्येच तो गेला, ६६ वा वाढदिवस सोळा दिवसांवर असताना.